अस्तंब्याच्या पायथ्याहून मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. मी अस्तंबा डोंगराखालच्या एका पाड्यावर राहतो. तालुका धडगाव, जिल्हा नंदुरबार. कळसूबाईचे 1646 मीटर पोरासोरांना पाठ असतात. आमचा 1325 मीटरचा डोंगर भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, मधे सातपुड्याच्या उभ्या धारा आणि त्यांच्या बेचक्यांत आमची घरं. धनत्रयोदशीच्या यात्रेला गुजरात, मध्य प्रदेशातूनही माणसं अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात. गेल्या यात्रेत तुम्ही मंचावरून शब्द दिला होता, पावसाआधी पाड्यापर्यंत डांबरी रस्ता होईल. पाऊस आला नि गेला. खडीसुद्धा पडली नाही.

मागच्या मंगळवारी माझा बाप शेताच्या उतारावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. बांबूला गोधडी बांधून झोळी केली आणि आम्ही चौघं निघालो. पेपरवाले तिला ‘बांबुलन्स’ म्हणतात. तुम्हाला हसू येत असेल, मला येत नाही. वाट एवढी अरुंद की दोघांनाच खांदा देता येतो. पुढचा खाली, मागचा वर, आणि बाप झोळीत सारखा पायांकडे सरकायचा. सरकला की ओरडायचा. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात, म्हणून आई दाराशी तेलाची बाटली ठेवते. निघताना ती तिने बापाच्या पायावर रिकामी केली. घरात दुसरं होतं काय? गाडी मिळेपर्यंत चार तास गेले. आता पाय आखूड राहणार. पासष्टीच्या माणसाने उतारावरचं शेत कसं कसायचं, सांगा.

विचारायला गेलं की ऐकावं लागतं, भूभाग दुर्गम आहे. साहेब, सरदार सरोवराचं पाणी चढवताना कुणाला तो दुर्गम वाटला नाही. महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, अक्राणी-अक्कलकुव्यातली, आमच्या सोयऱ्यांची. 138.68 मीटरची भिंत उभी राहते आणि सात किलोमीटर रस्ता होत नाही? 1998 साली धुळ्यातून आमचा जिल्हा वेगळा काढला. कचेरी जवळ आली, दवाखाना होता तिथेच राहिला. मतपेट्या मात्र याच वाटेने वेळेवर चढतात. तेव्हा कुणाचा पाय घसरत नाही.

मला मदतीचा धनादेश नको, फोटो तर नकोच. रस्त्याचं काम कोणत्या महिन्यात सुरू होणार, तेवढं लेखी कळवा. शेजारच्या वहिनींना आठवा महिना लागलाय. झोळीचा बांबू आम्ही अजून सोडलेला नाही, पडवीतच टेकवून ठेवलाय.

आपला,
अस्तंब्याखालचा एक शेतकरी