आबासाहेबांच्या साधेपणापलीकडचे काम

महोदय,

आमचे आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, यांची पुण्यतिथी आली, की ३० जुलैला सगळीकडे तोच मजकूर असतो : अकरा वेळा आमदार, जन्मभर शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), एसटीचा प्रवास. सगळे खरेच आहे आणि सांगोलेकर म्हणून मला त्याचा अभिमानही आहे. पण या कौतुकात आबासाहेबांचे काम झाकून जाते, याचे फार वाईट वाटते.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आईवडिलांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. आईच्या तळहाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. त्याच वर्षी आबासाहेब निवडणूक हरले होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत विधानसभेत धाडले. १९९५ ला तर ते अवघ्या १९२ मतांनी पडले. वय सत्तरीकडे झुकलेले, तरी त्यांनी पक्षाचा लाल बावटा खाली ठेवला नाही. पुढे १९९९ ते २०१४ सलग चार निवडणुका जिंकल्या. मंत्रिपदेही मिळाली, पण आमच्या लेखी त्यांची खरी कामगिरी पाण्याची.

क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आबासाहेब आटपाडीच्या पाणी परिषदांत उभे राहिले. कृष्णेचे पाणी आमच्या दुष्काळी माणदेशाला द्या, एवढीच मागणी. पण पाणी खाली आणि आमची जमीन वर. म्हणजे टप्प्याटप्प्याने पंप बसवून उचलायचे, त्याचे वीजबिल भरायचे आणि वर्षानुवर्षे निधीसाठी सरकारच्या मागे लागायचे. पाणी येणारच नाही, असे आमच्या गावातही पुष्कळ जण छातीठोक सांगत. आज टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचे आवर्तन सुटले की माण नदीवरचे बंधारे भरतात आणि माझ्या डाळिंबाच्या बागेतली विहीर उन्हाळ्यात तग धरते. कलम लावताना आता पोटात गोळा येत नाही.

हे एका मोर्चाने झालेले नाही. सरकार कुणाचेही असो, दुष्काळ, रोजगार हमी आणि पाणी यांवर सभागृहात उठून बोलत राहणारा माणूस आम्हाला मिळाला, म्हणून झाले. अजून पाणी सगळ्या शिवारांत पोचलेले नाही. म्हणून माझी विनंती आहे, की त्यांची विधानसभेतली भाषणे तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयात ठेवावीत. पुण्यतिथीच्या फलकांवर होणाऱ्या खर्चातून हे सहज होईल. उमेदवारी मागायला निघालेल्या तरुणांनी, पक्ष कोणताही असो, ती आधी वाचावीत.

– एक डाळिंब उत्पादक शेतकरी, ता. सांगोला, जि. सोलापूर