यंदाचा गणपती तुमच्या घरी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आपल्याकडे गणपतीत काय काय असतं ते सगळं लिहून पाठव, म्हणजे मी हिला देतो." लिहायला बसले खरी, पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. हिला देतो म्हणजे काय? बेंगळुरूच्या घरात यंदा पहिल्यांदा गणपती बसणार, हौस तुझी, मूर्ती तू ठरवणार, आणि यादी मात्र तिच्या हातात! म्हणून हे पत्र तुझ्या नावाने आहे. वाचायचं तूच, आणि लक्षात ठेवायचंही तूच.

पहिली गोष्ट मोठ्या काकांची. घराण्याचा गणपती गावी असताना दुसरा कशाला, असं ते म्हणाले, म्हणून तू नाराज झालास. होऊ नकोस. भावाभावांनी एकच गणपती धरायचा, सगळ्यांनी मूळ घरी जमायचं, ही रीत कोकणात घरोघर आहे. त्या निमित्ताने का होईना, मुंबईचे चाकरमानी गावचं दार उघडतात. पण चूल वेगळी झाली की गणपतीही वेगळा आणता येतो, तसं करणारीही पुष्कळ घरं आहेत. मी भटजींना विचारून घेतलं, काकांनाही सांगितलं. गावचा गणपती गावीच राहील. पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली तर तिकडे जा, तुमचा गणपती दीड दिवसात उरकून.

आता आपल्याकडचं. आपला गणपती गौरींबरोबर जातो. त्यामुळे तो किती दिवसांचा, याला एका आकड्यात उत्तर नाही. गणपती येतो तिथीवर, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. गौरी येतात नक्षत्रावर: अनुराधा असताना आवाहन, ज्येष्ठा असताना पूजन, मूळ असताना विसर्जन. तिथी आणि नक्षत्र एकमेकांशी बांधलेले नाहीत, म्हणून मधलं अंतर दर वर्षी बदलतं. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला आले, गौरी १० ला, आणि १२ ला सगळी बोळवण झाली. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला, पण गौरी थेट ३१ ला, म्हणजे विसर्जन २ सप्टेंबरला, सातव्या दिवशी. तुझ्या बाबांनी ऑफिसात उभा जन्म सुट्टीचा अर्ज दिला, आणि दर वर्षी साहेब विचारायचे, "गेल्या वर्षी एवढे दिवस नव्हते ना?" यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गौरी कधी ते पंचांगात बघ आणि मला कळव. मला माहीत आहे, पण तू बघ.

आपल्या गौरी खड्यांच्या. तू लहानपणापासून तेच बघितलंस, म्हणून तुला ते साधं वाटतं. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, गौरी म्हणजे पितळी मुखवटे, जरीची लुगडी, पुढे लाडू-करंज्यांची रास. इकडे आल्यावर पहिल्या भाद्रपदात आजींनी माझ्या हातात ताम्हन दिलं नि म्हणाल्या, "वहाळावरून पाच खडे घेऊन ये. येताना तोंडात पाण्याची चूळ धर. कुणी हाक मारली तरी बोलायचं नाही." पाऊस असा की छत्री धरून काही उपयोग नव्हता. वहाळाच्या काठाशी वाकून बघते तर सगळे खडे सारखेच, काळे, गुळगुळीत, एखाद्याला पांढरी शीर. कोणते उचलायचे हे कुणी सांगितलंच नव्हतं. उचलले पाच, आणले. दारात पायांवर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि मोठ्या काकूंनी विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" माझ्या तोंडात चूळ! उत्तर देणार कशी? शेवटी तुझ्या आत्यानेच मागून ओरडून सांगितलं, "सोन्याच्या पावलांनी!" आणि माझं हसू फुटून पाणी आजींच्या लुगड्यावर. त्या मात्र काही बोलल्या नाहीत, हे मला फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याला घावन-घाटलं. पुरणपोळी नाही हे बघून मला चुटपुट लागली होती, ती काही वर्षं राहिली. मग तीही गेली. आता कुणी पुरणपोळी केली तर मलाच चुकल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी विहीणबाईंनी परभणीला महालक्ष्म्यांना (तिकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात) बोलावलं, तेव्हा तू कामामुळे येऊ शकला नाहीस. तू ते बघायला हवं होतंस, कारण तुझी बायको कशातून आली आहे ते तुला यादीतून कळणार नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या, शेजारी त्यांची बाळं. विहीणबाई आणि त्यांच्या जाऊबाई दुपारपासून साड्या नेसवत होत्या. एक निरी चिमटीत धरायची, दुसरीने टाचणी लावायची, पुन्हा पुढची निरी. तासाभराने मुखवटे बसले. विहीणबाई दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी करून बघितलं, आणि पुढे होऊन कनिष्ठेचा पदर जरासा खाली ओढला. मग कुठे त्यांनी पाणी प्यायलं. वर फुलोरा टांगलेला, करंज्या, साटोऱ्या, शेवेची वेणी. दुसऱ्या दिवशी १६ भाज्या, १६ पुरणाचे दिवे, ज्वारीची आंबील, कटाची आमटी, आणि पंगती संध्याकाळपर्यंत.

त्या घरातली मुलगी आमच्या घरी पाच खडे पाटावर मांडलेले बघून काय म्हणाली, आठवतं? "एवढंच?" तू रागावलास तिच्यावर. उगाच रागावलास. मलाही पहिल्या वर्षी तेच वाटलं होतं, फक्त मी तोंडात चूळ धरून होते. आणि उलट बाजूने, तिकडचा थाट बघून "हा केवढा बडेजाव" असं तुझ्या आत्या म्हणाल्या, तेही तसंच उथळ. मला वाटतं, ज्या घराला भाद्रपदात जे हाताशी होतं ते त्या घराने देवापुढे ठेवलं. आमच्याकडे भात शेतात उभा, घरात पैसा नाही, वहाळ मात्र दाराशी. कुणी बांधावरचा फुललेला तेरडा आणून त्याचीच गौर केली. तिकडे धान्य भरलेलं घर, तर मुखवटे धान्याच्या राशीवर बसले. मी काही अभ्यासक नव्हे, पण इतकी वर्षं बघून माझं मत असं झालं आहे.

आपल्याच वाडीत बघ ना. वरच्या आळीत गौरीला वडे-मटणाचा नैवेद्य असतो, त्याशिवाय त्यांची गौर जेवली असं ते मानत नाहीत. नव्या सुनेचा ओवसा असतो, सुपं भरून गौरीपुढे आणि मग मोठ्या माणसांना. शेजारच्या जोशीकाकूंकडे गणपती दीड दिवसाचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर रिकामं. त्यांना विचारलंस तर म्हणतील, पार्थिव म्हणजे मातीचा गणपती, त्याची पूजा झाली की त्याला पाण्यात सोडायचं, तो मुक्कामाला आलेला नाही. बरोबरच आहे. दहा दिवसांचं ठाणं आपल्याला आवश्यक वाटतं ते बरंचसं सार्वजनिक मंडपांमुळे. तो उत्सव लोकमान्यांनी १८९३ पासून रुजवला, त्याची गरज वेगळी होती. घरच्या देवाला मिरवणूक लागत नाही.

आणि काही रिती तर निव्वळ अपघाताने येतात. धाकट्या काकूंच्या माहेरी नरकचतुर्दशीला अभ्यंग नव्हतं, फराळ नव्हता. का, तर पूर्वी कधी त्या दिवशी घरात कुणी गेलं, आणि सण पडला. पडलेला सण पुन्हा उभा राहायचा तर त्याच तिथीला घरात मूल जन्मावं लागतं किंवा गाय व्यावी लागते. अखेर गोठ्यातल्या एका गायीने त्यांची दिवाळी परत दिली. काकू अजूनही त्या गायीचं नाव आदराने घेतात, नवऱ्याचं घेतात त्याहून जास्त.

बेंगळुरूत तर तुला आणखी मजा दिसेल. तिथे गौर आधी येते. बहुतेक वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला, आपल्याकडे बायका हरतालिकेचा उपास करतात, तेव्हा कर्नाटकात गौरीहब्ब असतो. आई आदल्या दिवशी, मुलगा दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे मुलगा पुढे आणि आई मागून. त्यातही गंमत अशी की तिकडच्या बायका गौरीला आणि एकमेकींना सुपातून वाण देतात, त्याला बागिना म्हणतात, आणि आपल्या वरच्या आळीतला ओवसाही सुपातूनच. शेजारणीने सुनेला बोलावलं तर तिला जाऊ दे, आणि तूही सोबत जा. "आमच्यात असं नसतं" एवढं मात्र कुणाच्या दारात म्हणू नकोस.

आता तुमच्या घरी काय करायचं. माझं ऐकशील तर पहिल्या वर्षी दीड दिवसाचा ठेवा. तुम्ही दोघंच, दोघांना नोकऱ्या, मदतीला कुणी नाही. सात दिवस दोन्ही वेळा आरती आणि नैवेद्य ही माणसं असलेल्या घराची कामं आहेत. मूर्ती शाडूची, वीतभर उंच, घरच्या बादलीत विरघळेल अशी. विसर्जनानंतर ती माती कुंडीत घाला. गौरी बसवायच्या का, आणि बसवल्या तर खडे की मुखवटे, हे सुनेने ठरवावं. तिला महालक्ष्म्या हव्या असल्या तर विहीणबाईंना विचारा. मुखवटे कुणाकडे जातात, याचे त्यांच्या घरी काही नियम असतील, ते त्यांनाच ठाऊक. खडे हवे असतील तर मी गावाहून पाठवीन, पण ते तुझ्या बाबांनी आणलेले असतील, आणि वाटेत ते तोंड मिटून राहतील याची मी काही हमी देत नाही.

मोदक. हे मुख्य आहे, नीट वाच. तुला उकडीचे हवेत, तिच्या घरी तळणीचे होतात. तिला उकड करायची सवय नाही, आणि तिने ती शिकावी असं मला अजिबात वाटत नाही. तुला हवेत ना, मग तू कर. जितकी तांदळाची पिठी तितकंच पाणी. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घाल. उकळी आली की पिठी घालून ढवळ, झाकण ठेवून एक वाफ आण. गरम असतानाच मळायची, हाताला तेल-पाणी लावून. इथेच लोक कंटाळा करतात आणि मग पारी फाटते. पारीची वाटी कडेला पातळ, बुडाला जरा जाड. कळ्या अंगठा आणि पहिल्या बोटाने चिमटायच्या, मधलं बोट आतून आधाराला. पहिले चार मोदक वाकडेच होतील, ते तुम्ही खा. २१ च झाले पाहिजेत असं काही नाही, ५ झाले तरी गणपती रुसत नाही. तिने शेजारी तळणीचे केले तर दोन्ही ताटात ठेव.

पूजेची तयारीही तूच कर: पत्री, दूर्वा, जानवं, विडे, पंचामृत. आजपर्यंत हे सगळं पाटावर मांडलेलं तुला दिसलं, ते रात्री कोण मांडायचं ते तू कधी बघितलं नाहीस. तुझ्या बाबांनीही नाही. आपल्याकडे पुरुष परंपरा सांगतात आणि बायका ती करतात. माझ्या सुनेच्या वाट्याला ते येऊ नये असं मला वाटतं, आणि हे मी तिला नाही, तुला सांगते आहे. जे तुम्हा दोघांच्या हातून आनंदाने होत नाही ते सोडून द्या, मग ते आमच्या घरचं असो की परभणीचं. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

सूनबाईंना विचार, १६ भाज्यांतली तिला आवडणारी कुठली, तेवढी एक करा. विहीणबाईंनाही फोन कर, तू स्वतः. त्यांना बरं वाटेल.

मूर्तीचं आत्ताच ठरवून टाक, ऐनवेळी शाडूच्या उरत नाहीत. गौरींची तारीख कळव. आणि उकडीचा सराव आधी एकदा करून बघ, चतुर्थीच्या सकाळी मला फोन करू नकोस. त्या वेळी माझे दोन्ही हात पिठात असतात.

तुझी,
आई