पायताण करणाऱ्या हातांना महामंडळावर जागा द्या : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरू

सविनय नमस्कार.

मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि चामड्याच्या वेण्या घालते. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बकऱ्याच्या कातड्याच्या बारीक वाद्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "केसाची घालतीस तशीच घाल, फक्त ओढून." त्याला आता बावीस वर्षे झाली. 'कोल्हापुरी' म्हणून जी चप्पल देशोदेशी विकली जाते, तिच्या पट्ट्यावरची वेणी बहुतेक वेळा आमच्यासारख्या बायांच्या हातची असते. तळ कापणे, थर शिवणे, कान म्हणजे बाजूच्या पट्ट्या बसवणे पुरुषांकडे. वेणी आणि बारीक शिवण बायकांकडे. आमच्या गल्लीत कारागीर म्हणून ओळखपत्र निघाले ते मात्र घरातल्या पुरुषांच्या नावाने.

मी पाच वर्षे आमच्या भागातल्या एका कारागीर सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर होते, महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर. त्या पाच वर्षांनी मला जे शिकवले, त्याच्या जोरावर आपल्याकडे एक मागणी करते. डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास निगम, म्हणजे आपण सगळे ज्याला लिडकर म्हणतो ते राज्य सरकारचे महामंडळ, त्याच्या संचालक मंडळावर किमान दोन जागा हाताने चप्पल करणाऱ्या कारागिरांसाठी कायमच्या राखून ठेवाव्यात. त्यांतली एक बाईची असावी. आणि त्या जागेवर बसणाऱ्याला तोंड उघडता येईल अशी सोय सरकारने करून द्यावी. हे दुसरे वाक्य मला पहिल्यापेक्षाही जास्त महत्त्वाचे वाटते. का, ते पुढे सांगते.

आधी लिडकरच का, ते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावायचा हक्क मिळाला, तो दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून : तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. निपाणी-अथणीकडचा माल पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरच्या दुकानांत जात आला आहे, त्यामुळे हे योग्यच झाले. पण मानांकनाचे नोंदणीकृत मालक आम्ही कारागीर नाही. मालक आहेत दोन महामंडळे : महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि आपले लिडकर. आम्हाला त्या नावाने माल विकायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करून घ्यावी लागते.

मालक कोण, हा कागदावरचा बारकावा आहे असे मलाही वाटायचे. मग जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने हुबेहूब आमच्यासारखी चप्पल दाखवली आणि नुसते 'चामड्याची सँडल' म्हटले. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मोबाईलवर तो फोटो फिरत होता. सासूबाईंनी चष्मा लावून, बोटाने फोटो मोठा करून पाहिला आणि अंगठ्याची ठेवण, कानाचा आकार एकेक करून दाखवला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचे म्हणणे असे की मानांकनाचे मालक ही महामंडळे आहेत, दाद मागायची तर त्यांनी मागावी.

साहेब, त्या दिवशी मला कळले की माझ्या बोटांचा हक्क एका संचालक मंडळाच्या टेबलावर ठेवलेला आहे. तिथे कोण बसते, यावर तो हक्क बजावला जाणार की नाही हे ठरते.

पुढे डिसेंबरमध्ये त्याच कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. २००० जोड्या इथल्या कारागिरांकडून करून घेणार आणि एक जोडी सुमारे ८०० युरोला विकणार, असे वर्तमानपत्रात वाचले. मला आनंद झाला, हे मनापासून लिहिते. पण त्या ८०० युरोतले वेणी घालणारीला किती, तळ शिवणाऱ्याला किती, काम कुठल्या गावांना वाटून द्यायचे, माल नापसंत झाला तर नुकसान कोणाच्या अंगावर, हे प्रश्न पुढेही प्रत्येक करारात येत राहणार. एका वेणीला किती वेळ लागतो हे बसून मोजलेला माणूस ते ठरवणाऱ्यांत असायला हवा.

असा माणूस नसला की काय होते, त्याचा एक नमुना आमच्या माळ्यावर आजही आहे. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून गावात अवजारांच्या पेट्या वाटल्या. गाडी आली, फोटो निघाले. घरी आणून पेटी उघडली. आत एक हातोडा, खिळ्यांचे दोन डबे, रबरी सोल चिकटवायचे सोल्युशन आणि एक सुरी. आमच्या चपलेला खिळा लागतच नाही. थराला थर शिवला जातो तो चामड्याच्याच वादीने, आरीने भोक पाडून. खिळा मारलेली चप्पल जाणते गिऱ्हाईक हातात घेऊन उलटी करते आणि परत ठेवते. आणि त्या सुरीला आमच्या रापीसारखी, म्हणजे चामडे तासायच्या अवजारासारखी, धारेची गोलाई नव्हती, कातडे तासायला ती निरुपयोगी. पेटी घेतलेल्यांपैकी कोणीही कुठलीच वस्तू कामाला लावली नाही. ज्यांनी यादी केली त्यांची नियत वाईट होती असे मी म्हणत नाही. त्यांनी बहुधा बूट दुरुस्त करणारा माणूस डोळ्यांपुढे आणला असावा. यादी होत असताना आमच्यातला एक जरी तिथे असता तर दोन मिनिटांचे काम होते.

आता माझ्या स्वतःच्या खुर्चीची गोष्ट. संचालक झाले तेव्हा घरी पेढे वाटले होते. पहिल्या सभेत समोर चाळीसेक पानांचा गठ्ठा आला, अर्धा इंग्रजीत, अर्धा कन्नडमध्ये. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. कन्नड बोलते, बाजारापुरते वाचते, पण ठरावाची कन्नड मला पेलत नाही. शेजारचे संचालक म्हणाले, "सही करा वहिनी, नेहमीचंच आहे." मी सही केली. सहा महिन्यांनी आमच्या जवळचे कच्च्या मालाचे दुकान बंद झाले. तिथे चार-चार किलो कातडे उधारीवर मिळायचे. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला व्यापाऱ्याकडून घ्यावे लागले, त्याच्या भावाने आणि तयार माल त्यालाच घालायच्या बोलीवर. दुकान बंद करायचा ठराव कुठे झाला म्हणून चौकशी केली, तर त्याच गठ्ठ्यात होता. खाली माझी सही. गल्लीतल्या बायांना हे मी स्वतः सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण आठवडाभर कोणी माझ्या ओट्यावर वेणी घालायला बसले नाही.

त्यानंतर मी एक नियम धरला : कागद आठ दिवस आधी हातात आला नाही तर सही नाही. भाचा कॉलेजात आहे, तो रात्री वाचून सांगायचा. सभेहून आले की त्याच संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना काय झाले ते सांगायचे, आणि पुढच्या सभेआधी त्यांना विचारून जायचे. शेवटच्या दोन वर्षांत एवढ्यावर दोन गोष्टी झाल्या. वेणीची मजुरी चपलेच्या मजुरीतून वेगळी लिहिली जाऊ लागली आणि ती बाईच्या खात्यात जाऊ लागली. हे काम म्हणजे मानाची खुर्ची नव्हे. दरेक सभेला माझा दिवस बुडायचा. वेणीचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी गेली. सभेचा भत्ता बसभाड्यालाही पुरायचा नाही. माझ्यासोबत निवडून आलेली दुसरी बाई याच कारणाने वर्षभरात घरी बसली.

म्हणून म्हणते, नुसती जागा देऊन भागणार नाही. बेळगावहून बेंगळूरू ५०० किलोमीटर. जायला एक रात्र, सभेला एक दिवस, यायला एक रात्र. कारागीर संचालकाला प्रवासखर्चाबरोबर बुडालेल्या दिवसांची मजुरी द्या. सभेचे कागद आठ दिवस आधी आणि त्याला वाचता येईल त्या भाषेत द्या. इथे भाषेचा वाद उकरून काढायची मला इच्छा नाही. माझी सख्खी शेजारीण कन्नड बोलते, आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसून काम करतो आणि तिलाही ते इंग्रजी कागद कळणार नाहीत. संविधानाच्या ३५० व्या कलमाने आम्हाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडायचा हक्क दिला आहे. ज्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, त्या भाषेत ठरावाचा कागद मिळावा, एवढेच मागणे आहे. तीन वर्षांची मुदत ठेवा, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा नेमू नका, आणि वर्षातून एकदा त्याने चारही जिल्ह्यांतल्या कारागिरांसमोर उभे राहून हिशेब द्यावा अशी अट घाला.

यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागणार नाही. निगम सरकारच्या मालकीचे आहे, संचालक सरकारच नेमते. नेमणुका कशा होतात हे राज्यात कोणापासून लपलेले नाही : जानेवारी २०२४ मध्ये किती आमदारांना निगम-मंडळांची अध्यक्षपदे मिळाली त्याची यादी सगळ्या पेपरांत होती. अध्यक्ष कोणाला करायचे तो आपला अधिकार. त्या टेबलाशी आमच्या दोन खुर्च्या ठेवा, एवढेच मी मागते.

त्याच महिन्यात आपल्या राज्याने बसवण्णांना, म्हणजे महात्मा बसवेश्वरांना, सांस्कृतिक नायक म्हणून जाहीर केले. आमच्या समाजात पायताण करणारे हरळय्या आणि त्यांची बायको कल्याणम्मा यांची गोष्ट आजही लेकरांना सांगतात. हरळय्यांनी "शरणु" म्हणून नमस्कार केला, बसवण्णांनी उलट त्यांना "शरणु शरणार्थी" म्हटले. एका नमस्काराला दोन नमस्कार, हे ऋण फेडायचे कसे म्हणून नवरा-बायकोने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी पायताण केले. ही गोष्ट ऐकताना माझे लक्ष नेहमी कल्याणम्मांवर जाते, कारण त्या पायताणात एक बाजू त्यांची होती. आणि बसवण्णांच्या अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, कोण बसत होते? कातडे कमावणारे ढोर कक्कय्या, दोर वळणारे नुलिय चंदय्या, होडी चालवणारे अंबिगर चौडय्या. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, ज्यांना शेजारी बसवून बोलते केले, त्यांच्याच धंद्यातल्या माणसांसाठी आज बेंगळूरूत मी जागा मागते आहे.

हे फक्त चामड्यापुरते आहे असे समजू नका. शहापूर, वडगाव, खासबागचे विणकर, खानापूरचे कुंभार, गोकाकची लाकडी खेळणी करणारे, हुदलीचे खादीवाले, सगळ्यांची हीच कथा आहे. दिल्लीत १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ झाले तेव्हा त्याच्या अध्यक्षा आपल्या मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या आत हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ दोन्ही बरखास्त झाली. वरचे ते दार बंद झाल्यावर आम्हाला राज्याचेच दार उरले आहे. जानेवारी २०२२ मध्ये हजार रुपयांच्या आतल्या चपलेवरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला, तेव्हा आमच्या व्यापाऱ्याने तो फरक जोडीमागे आमच्याकडूनच कापला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो परत ५ टक्के झाला, कापलेले पैसे परत आले नाहीत. जीएसटी परिषदेत कर्नाटकाचाही मंत्री बसतो. त्यांच्या कानावर हे घालायला आमचा माणूस कुठल्या तरी मंडळावर हवा होता.

दर डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येता. त्या दिवसांत निगमाची एक सभा तिथेच घ्यावी. २०१२ साली ती इमारत उत्तर कर्नाटकाच्या माणसाला राजधानी जवळ वाटावी म्हणूनच उभी राहिली ना? ती इमारत आहे त्या हालग्याला निपाणीहून यायला तास-दीड तास लागतो, माझा अर्धाच दिवस बुडेल. येताना मी ती पेटी खिळ्यांसकट घेऊन येईन, आणि सासूबाईंच्या हातची एक जोडीही. दोन्ही टेबलावर ठेवून पाहू.

उत्तर मराठीत आले तर मी स्वतः वाचेन. कन्नडमध्ये आले तर शेजारणीकडून वाचून घेईन.

आपली विश्वासू,
वेणीकाम करणारी एक कारागीर,
निपाणी तालुका, जिल्हा बेळगाव