आधी ती पात खिळ्यावरून काढ

चि. बाळा,

काल रात्री तुझा व्हिडिओ तुझ्या मायनं चार वेळा बघितला. पोरानं बाभळीचा पाट किती सरळ चिरला म्हणून शेजारच्या बायांना पण दाखवून आली. मी पण बघितला, पण माझं लक्ष पाटावर नव्हतंच. तुझ्या मागच्या भिंतीवर कॅलेंडरच्या खाली खिळ्याला ती ब्लेडमागची पोलादी पात लटकायली होती, रायव्हिंग नाइफ, नवी कोरी. ही टेबलातून वर आलेल्या गोल करवतीची मशीन (टेबल सॉ) घेतलीस त्या दिवशीच्या फोटोत तर ती जाग्यावर होती. फोनवर सांगितलं की तू हो अण्णा, हो अण्णा करून ठेवून देतोस, म्हणून हे टाइप करायलोय, सावकाश वाच.

कामून काढलीस ते मला कळलं. तू स्वस्तातलं पातळ ब्लेड बसवलंस ना? जुन्याचा काप, म्हणजे चिरेची रुंदी, 3.2 मिलिमीटरचा, ह्याचा 2.4 चा, आणि पात 2.5 ची, मग लाकूड पातीला जाऊन अडणारच, आणि अडलं की आपल्याला वाटतं ही पातच आडवी येती, काढा तिला. पात ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड पाहिजे आणि दातांच्या कापापेक्षा पातळ, एवढाच हिशोब आहे. ब्लेडवर दोन आकडे छापलेले असतात, काप किती आणि पत्रा किती, ते बघूनच घ्यायचं. तुझं ब्लेड चुकलंय, पात नाही चुकली.

तुझे आजोबा आणि मी आऱ्यानं खोड चिरायचो, ते वर, मी खाली, सगळा भुसा माझ्या डोळ्यात. हातभर चिरलं की ते थांबायचे आणि कापात पाचर ठोकायचे. लाकडात ताण असतोय बाळा, बाभळ असू दे नाहीतर कडुनिंब, चिरत गेलं की दोन्ही फाका कधी पसरतात कधी मिटतात, आणि मिटल्या की आरा धरून बसतो. ती पात म्हणजे मशीनची पाचर आहे बघ, दुसरं काही नाही. फक्त आरा अडकला की आम्ही शिव्या देऊन बसायचो, मशीन बसू देत नाही.

कारण ब्लेडचे समोरचे दात वरून खाली येतात, लाकूड टेबलावर दाबून धरतात, पण मागचे दात खालून वर येतात. काप मिटला किंवा लाकूड जरा तिरकं झालं की ते मागच्या दातांवर चढतं, दात त्याला उचलतात आणि सरळ तुझ्या अंगावर फेकतात. 12 इंची ब्लेड, मिनिटाला 2800 फेरे, दाताचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या घरात जातो, पाय (π) गुणिले व्यास गुणिले फेरे करून तूच बघ. आणि लाकूड निसटलं की त्याच्यावर जोर दिलेला हात कुठं जातो, ते मी लिहीत नाही.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. तू शाळेत होतास तेव्हा एका चौकटीला खाच मारायची म्हणून मी पात काढली, आमची पात ब्लेडच्या वर जायची त्यामुळं काढावीच लागायची, आणि परत लावायची राहिली. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाची पट्टी कुशीत बसली, दोन मिनिटं श्वासच येईना. तुझ्या मायला सांगितलं शिडीवरून पडलो. तिला अजून तेच माहीत आहे, तेवढं तिला बोलू नको. तुझी पात तर ब्लेडबरोबर वरखाली होती, टोकाच्या जरा खालीच राहती, खाचेला पण काढायची गरज नाही.

आता व्हिडिओतलं बाकीचं. पाटाची कड वाकडी असताना तू ती फेन्सला, म्हणजे ब्लेडशेजारच्या सरळ आधारपट्टीला, लावलीस, आधी रंध्यानं एक बाजू सरळ करायची मग फेन्सला टेकवायचं. फेन्स ब्लेडला समांतर आहे का ते प्लग काढून माप, एका दातावर मार्करनं खूण करून तोच दात पुढं आणि मागं फिरवून मोजायचं, मागून केसभर उघडी चालंल पण मागून आवळलेली अजिबात नको. शेवटी ते चार-चार इंचाचे तुकडे फेन्सला टेकवून आडवे कापलेस ते बघून तर मी फोन बाजूला ठेवला. तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मधी सापडला की गोळीच. ब्लेडच्या अलीकडं फेन्सला एक ठोकळा आवळ, माप त्याला टेकवून घे, म्हणजे कापताना तुकडा मोकळा राहतो. ब्लेडच्या रेषेत उभा राहू नको, बाजूला सरक. अरुंद पट्टीला ढकलकाठी घे. हातमोजे काढ, गळ्यातली दस्ती पण, कामाच्या टायमाला तरी.

आणि लाइट. तुझ्याकडं लाइट गेली की स्विच तसाच ऑन राहतो आणि तू चहाला जातोस. आली की ब्लेड आपोआप फिरणार. आपल्या विहिरीच्या मोटरला स्टार्टर आहे ना हिरव्या-लाल बटणाचा, लाइट गेली की तो सुटतो, परत हिरवं दाबल्याशिवाय चालू होत नाही, तसला बसव. शेतात रात्रीची लाइट येती म्हणून आपण ऑटो लावतो, इथं ऑटो लावायचा नाही.

तू म्हणलास की अमेरिकेत बोट लागलं की बंद पडणारी मशीन आहे. आहे, सॉस्टॉप, स्टीव्ह गॅस नावाच्या माणसानं 1999 मधी काढली, 5 मिलिसेकंदाच्या आसपास ब्लेड थांबतं. पण ती बोट ओळखती, उडून येणारं लाकूड नाही ओळखत. पात तिला पण लागतीच. आपल्याकडं 1963 च्या महाराष्ट्र कारखाना नियमांत पण गोल करवतीला पात, गार्ड आणि ढकलकाठी सांगितलेली आहे, तुझ्या दोन माणसांच्या शेडला कोण बघायला येतंय म्हणा.

ब्लेडचे पैसे आज फोनपेवर टाकलेत. उद्या सकाळी मला एक फोटो पाठव, मशीनचा नको, त्या कॅलेंडरखालच्या खिळ्याचा. नुसता खिळा दिसला पाहिजे.

तुझा,
अण्णा