टाकीच्या स्टँडबद्दल, दिल्यास

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय दिल्या,

खुशाली नंतर, आधी कामाचं. तू पाठवलेल्या फोटोतल्या त्या टीव्हीच्या टेबलावर माशांची टाकी ठेवू नकोस, दुकानदार काहीही म्हणो. ते भुशाच्या बोर्डाचं आहे. पाणी लागलं की कडा फुगतात, आणि पाणी लागणारच. दर आठवड्याला बादली-पाइप घेऊन आपणच ते सांडत असतो.

वजन एकदा कागदावर मांड. तुझी टाकी माझ्याच मापाची, 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच. काठोकाठ 340 लिटर, म्हणजे तितकेच किलो. 12 मिमी काचेचे पाऊणशेच्या वर, दोन इंच वाळूचे पंचेचाळीसच्या आसपास. साडेचारशेच्या पुढेच गेलो की! राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो धरून बांधतात. टाकीखालच्या जागेच्या वाट्याला त्यातले 110 येतात. म्हणून लगेच स्लॅब खचेल असं नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण तू चौथ्या मजल्यावर आहेस, तेव्हा खोलीच्या मध्यावर नको, बीमलगतच्या भिंतीशीच ठेव, आणि आधी इंजिनिअरला विचार.

आता स्टँड. माझा करायला सुतार मिस्त्रीकाका आले ते संखेड्याच्या झोपाळ्यासारखे नक्षीदार, लाखेच्या रंगाचे गोल पाय करायच्या तयारीनं. हौस म्हणून ठीक. मी विचारलं, वरची पट्टी पायाला जोडणार कशी? म्हणाले, "चार-चार इंची स्क्रू मारतो साहेब, हत्ती उभा करा." मी त्यांना आमच्या ओसरीत नेलं आणि वर बघा म्हटलं. तुळई खांबावर बसलेली, खांब दगडी उथाळ्यावर. वाड्याचं सगळं ओझं लाकडावरून लाकडावर, तिथून दगडावर उतरतं. खिळा असला तर तुळई हलू नये एवढ्यापुरता. काका हसले, म्हणाले, "हा तर आजोबांचा धंदा." मग आमचं जमलं.

तूही हेच धर. पट्टी पायाला बाजूनं चिकटवून स्क्रू मारलास तर सगळा भार त्या स्क्रूंवर येतो. त्याऐवजी तीन बाय तीन इंची पायाला वरच्या टोकाला दोन इंची खाच पाडायची आणि पट्टी त्या खांद्यावर बसवायची. स्क्रू आणि मरीन फेव्हिकॉल फक्त धरून ठेवायला. पट्टी दोन बाय चारची, आणि ती उभी लावायची. काकांना बैठक रुंद मिळावी म्हणून आडवी हवी होती. पण तीच पट्टी उभी केली की चौपट ताठ होते, लाकूड तेवढंच लागतं. पाय सहा, मधली जोडी मुद्दाम. चार फुटांत मध्ये आधार नसला तर पट्टी वर्षभरात झोल खाते, आणि काचेला झोल चालत नाही. लाकूड वलसाडी सागाचं घेतलं. भाव ऐकून आई म्हणाली, "माशांना साग, आणि माझं कपाट पत्र्याचं!" तिचंही खोटं नाही.

गुण्या लावूनही काकांनी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनं मापले. दोरीला गाठ मारायची, ती दुसऱ्या कर्णावर न्यायची; गाठ टोकावर आली तरच चौकट काटकोनात. मागून 12 मिमी मरीन प्लाय पूर्ण ठोकून घेतला, नुसत्या पायांचा स्टँड कडेकडेनं डुलतो. फिल्टरच्या पाइपांची भोकं आधीच पाडून कडांना पॉलिश पाजलं. पायांची खालची टोकं तर दोनदा. लाकूड पाणी शोषतं ते तिथूनच.

जागेवरून घरात वाद झाला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, सोसायट्यांत मगरी निघाल्या, तेव्हापासून सगळ्यांना सगळं माडीवर हवं असतं. पण आमची माडी लाकडी, तिच्यावर एवढं ओझं मी चढवणार नाही. टाकी खालीच ठेवली आणि प्रत्येक पायाखाली कोटा दगडाचा तुकडा दिला. मासे पुरात पोहायला तरी शिकलेले आहेत.

दगड बसवल्यावर प्रत्येक पायाखाली कागद सरकवून बघ. सरकला तर तो पाय भार घेत नाहीये. पाचर तिथे, पायाखाली मारायची, काचेखाली कधीच नाही. वर 18 मिमी प्लाय, त्यावर पातळ फोम, मग टाकी. तुझ्या टाकीला खालून प्लास्टिकची फ्रेम असेल तर मात्र फोम नको. आधी तिसरा हिस्साच पाणी भर आणि दोन्ही टोकांना पाण्याची रेघ वरच्या कडेपासून मोजपट्टीनं माप. फरक दिसला तर पाणी काढ, पाचर नीट कर, मग पुढे भर.

भिंतीचं माप आणि बीम कुठून जातो त्याचा फोटो पाठव, मी काकांकडून चित्र काढून घेतो. लाकूड तिकडे महाग वाटलं तर इथून कापून ट्रान्सपोर्टनं पाठवता येईल, पण ते दिवाळीआधी ठरव, नंतर काका सूरतला मुलाकडे जातात. वहिनींना नमस्कार, आणि टीव्हीचं टेबल टीव्हीलाच राहू द्या म्हणावं.

तुझा,
पम्या