डबा उघडण्याआधी

डिचोली, गोवा

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो मिळाला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि काही न बोलता माडांना पाणी घालायला गेले. रक्तातल्या साखरेचं एचबीएवनसी ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे अजून उंबरठ्यावर, मधुमेह नव्हे, हे मला ठाऊक आहे. आप्पांच्या पायाचं झालं तेव्हा आपल्याकडे कुणाला कसले आकडे कळत होते? आप्पांचं नाव काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते, राहिलंच.

पण तू आपणहून रिपोर्ट पाठवलास, याचं मला फार बरं वाटलं. आप्पा त्यांचा पंचांगात दडवायचे.

रात्री जेवतोस किती वाजता? विचारलं की 'वेळेत' म्हणतोस आणि मागून चिप्सचं पाकीट फोडल्याचा आवाज येतो.

तुझी दहावीची पूर्वपरीक्षा आठवते. बोडगेश्वराच्या जत्रेतलं खाजं मी वरच्या फळीवर ठेवलं होतं. मध्यरात्री डब्याचं झाकण वाजलं म्हणून उठले, तर तू काळोखात उभा, बोटांना गूळ आणि तीळ चिकटलेले. तास-दोन तासांपूर्वी भरपेट शीतकडी जेवला होतास. टेबलावर भूमितीची वही उघडी, एक प्रमेय चार वेळा खोडलेलं. गणित अडलं की तुझे पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. तुला ते कळत नव्हतं, मला दिसत होतं. आता बघायला मी तिथे नाही, म्हणून तूच बघ.

'उद्यापासून साखर बंद, पाव बंद, पहाटे जिम' असं लिहिलंयस. तुझ्या उद्याची मला धास्ती वाटते. पुण्यात घेतलेल्या सायकलीबद्दल मी काही विचारत नाही. आठवडाभर काही बंद करू नकोस. रात्री पाकिटाकडे हात गेला की फोनमध्ये वेळ लिही आणि त्याआधी काय चाललं होतं तेही. साहेबांचा फोन? कंटाळा? रिकामी खोली? खरंच भूक असेल तर सरळ चपाती-भाजी खा, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण बहुतेक वेळा भूक नसतेच, बघ तू. कारण सापडलं की एकच बदल कर. लॅपटॉप मिटला की आधी चप्पल घालून खाली एक फेरी, एवढंच. आणि ती चिप्सची पाकिटं हाताशी ठेवायची नाहीत, घरातच आणायची नाहीत, तुम्हा मुलांना किती वेळा सांगायचं की...

सुरू झालं बघ माझं. रागावू नकोस. शाळा सुटली तरी बाईंची सवय जात नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. तुझा एक दिवस चुकला की तू सगळंच सोडून देतोस, लहानपणापासून. तबल्याचंही तसंच झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी कर. या चाचणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून डॉक्टरांना फसवता येत नाही. आप्पा तेच करायचे.

शेजारच्या वहिनी शुक्रवारच्या बसने पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर नाचणीचं पीठ आणि सोलं पाठवते. मानकुराद आंबे यंदा भरपूर लागलेत. बाबा म्हणाले पेटी पाठव, मी सहाच ठेवलेत. दिवसाला एक, तोही दुपारी. आणि जेवलास की मला मेसेज कर, वेळेसकट.

तुझी,
आई