दहा दिवसांची मुदत आणि तिसऱ्या महिन्यात सापडणारा दोष

महोदय,

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचा संच ऑनलाइन घेणाऱ्याला माल परत करण्यासाठी दहा दिवसांची जी मुदत मिळते, ती या मालाच्या बाबतीत नावापुरतीच आहे, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन आहे. गेल्या वर्षी एकवीस हजार रुपये मोजून तीन डोलकाठ्यांच्या फ्रिगेटचा, म्हणजे शिडाच्या जुन्या युद्धनौकेचा, आयात केलेला संच मागवला. पेटी आली त्याच दिवशी सर्व भाग यादीशी ताडून पाहिले. लेझरने कापलेले प्लायवूड, फळ्यांसाठी दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, वरच्या थरासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या अक्रोडाच्या पट्ट्या, दोऱ्याची रिळे, पितळी तोफा असे सगळे मोजून भरले, तेव्हा तक्रार करावी असे काही दिसलेच नाही.

दोष उघड होतो तो फार पुढे. अशा संचात आधी जहाजाचा कणा, म्हणजे आपल्याकडचे जुने कारागीर ज्याला पठाण म्हणत तो, उभा करून त्याच्या खाचांत आडव्या फासळ्या बसवतात, सरस वाळला की एक लवचीक पट्टी नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सगळ्या फासळ्यांवरून फिरवून पाहतात, आणि ती कुठेही न उचलता टेकली तरच फळ्या चढवायला घेतात. हे काम मी रोज संध्याकाळी तासभर करतो, त्यामुळे त्या टप्प्यावर यायला मला अडीच महिने लागले. पट्टी आठव्या फासळीपर्यंत छान टेकली आणि नवव्या फासळीवर डाव्या बाजूला अधांतरी राहिली. स्केल लावले तेव्हा नववी फासळी डावीकडे दोन मिलिमीटरने अरुंद कापलेली निघाली. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे घरच्यांनीही विचारले. संच १:६४ प्रमाणाचा आहे, म्हणजे खऱ्या जहाजाच्या कुशीत जवळजवळ तेरा सेंटिमीटरचा खड्डा! पुढे पाहिले तर डोलकाठीचे दोर ताणायच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्यांपैकी सात चकत्यांना दोनच भोके पाडलेली होती. माहितीपुस्तिकेतल्या शेवटच्या चार छायाचित्रांत तर वेगळेच जहाज होते.

मी फोटो काढून, मोजमापे लिहून विक्रेत्याला पाठवली आणि पूर्ण संच नको, नववी फासळी आणि सात चकत्या तेवढ्या द्या, अशी विनंती केली. उत्तर आले की मुदत संपली आहे आणि जोडलेला माल परत घेतला जात नाही. जोडल्याशिवाय दोष कळत नाही आणि जोडल्यावर दोष ऐकून घेतला जात नाही, अशा पेचात ग्राहकाने करायचे काय? सुटे भाग आयातदाराकडे मागावेत म्हटले, तर पेटीवर त्याच्या पत्त्यावरच किमतीचे स्टिकर चिकटवलेले. ते नखाने खरवडून काढले, तेव्हा पत्त्याची अर्धी ओळही त्याच्याबरोबर निघून आली.

वास्तविक ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. मला पोच मिळाली ती यंत्राने पाठवलेली, आणि त्यानंतरचे उत्तर वर सांगितलेच. खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले, पण तो आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. मोठ्यांच्या छंदाचा हा माल त्यात येत नाही, आणि खरे तर फासळी मापात आहे की नाही हे तपासणे त्या आदेशाचे कामही नव्हे.

हे सगळे मुंबईत घडावे याची मला विशेष खंत वाटते. याच शहराच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेच्या हाती लागले, तेव्हा नकाशांची दुसरी प्रत शिडाच्या जहाजातून पुन्हा मुंबईला पाठवण्यात आली होती. मला हवी आहे ती तळहाताएवढी एक फासळी, आणि ती कुरियरने येऊ शकते.

शेवटी रे रोडच्या वखारीतून प्लायचा तुकडा आणला, आठव्या आणि दहाव्या फासळीच्या कडा ट्रेसिंग पेपरवर उतरवून मधली रेषा काढली आणि नववी फासळी करवतीने स्वतः कापली. ती बसलीही. पण हा माझा आयुष्यभराचा धंदा होता म्हणून जमले. पहिलाच संच हाती घेतलेला एखादा विद्यार्थी अशा वेळी स्वतःचेच काहीतरी चुकले असे समजून पेटी माळ्यावर टाकून देईल.

टप्प्याटप्प्याने जोडायच्या अशा मालासाठी परतीची मुदत घरपोच मिळाल्याच्या तारखेपासून मोजू नये, निदान सहा महिन्यांपर्यंत सदोष भाग बदलून देण्याची लेखी हमी विक्रेत्याने द्यावी आणि आयातदाराचा पत्ता झाकणारे स्टिकर लावणाऱ्यांवर वैधमापन विभागाने कारवाई करावी, अशी माझी मागणी आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सात चकत्या अद्याप आलेल्या नाहीत.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव, मुंबई